अडॅप्टर गेला की डोक्याला ताप
राउटर ठणठणीत, मेला तो अडॅप्टर. परत! आणि नवीन घ्यायचा म्हटलं की पिनचा घोळ सुरू, बाहेरून सगळ्या सारख्याच, 5.5 मिमी, पण आतलं भोक कुणाचं 2.1 तर कुणाचं 2.5, डोळ्यांना दिसतो का हा फरक? 2.1 वाली 2.5 च्या सॉकेटात शिरतच नाही आणि उलटं असेल तर बसते पण वायर जरा हलली की राउटर बंद.

बरं, व्होल्ट तेच हवेत, अँपिअर जास्त चालतात पण कमी नाही, हे माहितीये हो, पण वाचायचं कसं? काळ्या प्लास्टिकवर काळंच कोरलेलं, तेही मुंगीच्या पायाएवढं, टॉर्च तिरका धरा, फोटो काढून झूम करा तेव्हा कुठे 12 आहे की 15 ते कळतं. त्यात प्लस आत की बाहेर ती खूण वेगळीच, ती चुकली तर राउटरही जायचा.

आत बऱ्याचदा एखादा फुटकळ कपॅसिटर फुगलेला असतो, बाकी सगळं ठीक, पण डबी अशी चिकटवलेली की फोडल्याशिवाय उघडत नाही. आणि घरात जुन्या अडॅप्टरचा अख्खा खोका पडलाय, त्यातला एक लागू होईल तर शपथ! फोनला टाइप-सी आली ना एकदाची, मग ह्यांना काय धाड भरलीये?