फिट्टंफाट

आमच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या मते काम दोन मिनिटांचं होतं. "तू माझ्या फ्लॅटात जा, मी तुझ्या घरात येतो. फिट्टंफाट!"

लातूरचं आजोबांचं घर वाटणीत माझ्याकडं आलेलं आणि नोकरी छत्रपती संभाजीनगरात. तिथंच सिडकोत अण्णांनी 2012 साली गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन भाड्यानं दिलेला. निवृत्त झाल्यावर त्यांना ओढ लागली गंजगोलाईची आणि घरातल्या आडाची. (2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या आडातूनही बादली नुसती खडखडत वर यायची. हे अण्णा सोयीनं विसरले होते.) एक रुपयाही इकडचा तिकडं होणार नव्हता. मग टॅक्स कशाचा?

सीएंनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे घर विकायलात."

"विकत नाही, बदलायलोय."

"इन्कम टॅक्सच्या लेखी अदलाबदल म्हणजे हस्तांतरणच. तुम्हीबी विकलं, त्यांनीबी विकलं."

गिऱ्हाईक एक नाही आणि विक्र्या दोन! वर नफाही झालेला, तो दाखवायचा. किंमत घरच्या घरी ठरवावी म्हटलं, तर तिथं सरकारी दरांचा रेडी रेकनर आडवा. आणि माझं घर जुनं, म्हणून खरेदीच्या किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत धरायची. त्या दिवशी मला कुणी घराची किंमत विचारली असती, तर मी एप्रिल फूल समजून हसलो असतो.

त्यासाठी मूल्यांकन करणारा आला. माजघरात त्यानं कॅलेंडर बाजूला केलं, तर मागं छतापासून कोनाड्यापर्यंत गेलेली भेग.

"ही 2001 साली होती का?"

ही भेग 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेची, किल्लारीच्या भूकंपाची. आईनं ती तीस वर्षं आल्यागेल्या प्रत्येकाला कौतुकानं दाखवलेली. व्याह्यांना तर बोट आत घालून. पण तेव्हाची किंमत कमी धरली की नफा वाढतो, नफा वाढला की टॅक्स, एवढं तिनं आमच्या बोलण्यातून बरोबर टिपलं होतं.

"कसली भेग? खिळा ठोकताना पोपडा उडलाय जरासा," म्हणत तिनं कॅलेंडर पुन्हा लावलं.

अण्णांचं वेगळंच. फ्लॅट 23 जुलै 2024 च्या आधीचा, म्हणून नफ्यावर साडेबारा टक्के साधा टॅक्स की महागाईचा हिशेब धरून वीस टक्के, हे निवडायची मुभा. त्यांनी तीन वह्या भरल्या. शेवटी सीएंनी इन्कम टॅक्सचं तेव्हाचं कलम 54 काढलं: राहण्याजोगं घर देऊन राहण्याजोगं घरच घेताय, सूट मागता येईल. वह्या रद्दीत.

पेढे सांगणार, तेवढ्यात मुद्रांक शुल्क निघालं. अदलाबदलीत ज्या मालमत्तेची किंमत जास्त, तिच्यावर ते विक्रीखताच्या दरानं लागतं. नोंदणी फी वेगळी, एक टक्का, पण 30,000 च्या वर नाही. आयुष्यभर 'माझंच घर भारी' म्हणून भांडलेले आम्ही दोघं भाऊ आपापलं घर कसं भिकार आहे, ते एकमेकांना पटवू लागलो.

"त्यापेक्षा एकमेकांना बक्षीसपत्र करा की," वहिनी म्हणाल्या. मुलाला, नातवाला राहतं घर 200 रुपयांच्या मुद्रांकावर देता येतं. त्या यादीत भाऊ नाही. "शिवाय," सीए म्हणाले, "बदल्यात घर मिळणार असलं तर ते बक्षीस कसलं वहिनी?"

झालं एकदाचं. अंगठे उमटले, फोटो निघाले, खिसे हलके झाले. निघताना सीए म्हणाले, "आता तीन वर्षं कुणी घर विकू नका, बदलूबी नका. सूट अंगलट येईल."

उन्हाळ्यात अण्णांचा फोन आला.

"फ्लॅटात करमायलंय का?"

"करमायलंय की. चोवीस तास लिफ्ट आहे."

"न्हाई, म्हटलं... पुन्हा एकदा फिट्टंफाट..."

"तीन वर्षं, अण्णा."

ते गप्प झाले. मागं आडातून बादली वर येत होती. खडखडत.