निन्जाने मजुरी मागितली, यात टवाळी कसली?

‘शिनोबी नो कुनी’ (२०१७) हा योशिहिरो नाकामुरांचा विनोदी चित्रपट. त्यातला मुमोन हा जपानच्या इगा प्रांतातला सगळ्यात तरबेज आणि तितकाच आळशी निन्जा. कबूल केलेली कमाई आणत नाही तोवर बायको त्याला घरात घेत नाही. यावर ठरलेला आक्षेप असा: ही निन्जांची टवाळी आहे, खरे निन्जा काळ्या वेशातले, धन्यासाठी प्राण देणारे वीर होते, पैशाला हपापलेले नव्हते.

धन्यासाठी? पण धनी होता कुठे? सोळाव्या शतकातल्या इगात सगळ्यांना मुठीत ठेवील असा सरंजामदारच नव्हता. छोटे जमीनदार आपापल्या गढ्यांत राहत, एकमेकांशी भांडत आणि बाहेरचा कोणी चालून आला की एक होत. त्या एकीचा लेखी करारनामा आज उपलब्ध आहे. शत्रू शिरला की गावोगाव घंटा वाजवायची, सतरा ते पन्नास वयाच्या पुरुषांनी मोर्चावर जायचं. त्यातच पुढे म्हटलंय की आपले पायदळातले लोक परमुलखात जाऊनही किल्ले घेतात. तेव्हा इथे जो किल्ला घेईल त्याला भरघोस बक्षीस आणि सामुराईचा दर्जा. म्हणजे बक्षिसाची बोली खुद्द करारातच आहे. मुमोनची बायको वेगळं काय मागते?

काळ्या वेशाचं थोडक्यात आटपतं. रात्री दोरावरून चढणारा काळा निन्जा चित्रकार होकुसाईच्या १८१७च्या चित्रात दिसतो, पण तोवर इगाची सोळाव्या शतकातली ओदा घराण्याशी झालेली लढाई होऊन दोन शतकं उलटली होती. हेरगिरी करणाऱ्याने हेरासारखं दिसावं, ही कल्पनाच मुळात गमतीची.

आणि विनोदाचं म्हणाल, तर १६८१च्या ‘शोनिन्की’ या हेरविद्येच्या ग्रंथात सात सोंगं सांगितली आहेत: भिक्षू, व्यापारी, जादूचे खेळ करणारा वगैरे. त्यातलं एक सारुगाकूच्या नटाचं. सारुगाकू म्हणजे नकला आणि हास्यविनोदात वाढलेला नाट्यप्रकार. लोकांना हसवणं हा या मंडळींच्या कामाचाच भाग होता!

चित्रपटात इगाचे निन्जा बलाढ्य ओदा घराण्याच्या फौजेला हरवतात, त्यावर ‘भाडोत्री माणसं ओदा घराण्याला हरवतील कशी?’ असंही विचारतात. हरवलं होतं. १५७९ मध्ये ओदा सरदार नोबुनागाचा मुलगा नोबुकात्सु बापाला न विचारता इगावर चालून गेला आणि मार खाऊन परतला. बापाने त्याला पत्रातून असं झाडलं की नातं तोडण्यापर्यंत गोष्ट गेली. १५८१ मध्ये मात्र नोबुनागाने चाळीस हजारांहून जास्त फौज धाडली आणि इगाची राखरांगोळी केली.

आक्षेपच घ्यायचा तर मुमोनच्या उड्यांवर घ्या. त्या उड्या आणि तो स्वतः, दोन्ही कादंबरीकार र्यो वादा यांच्या डोक्यातून आलेले आहेत.