नुसती जलपर्णी सोडून तळं स्वच्छ होत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: "घाण तळ्यात जलपर्णी सोडा. मुळं सगळं प्रदूषण शोषून घेतात. वीज नको, खर्च नको, महिन्याभरात पाणी नितळ." यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच बाकीचंही लोकांना पटतं.

"मुळं शोषून घेतात." सांडपाण्यातली नायट्रोजन आणि फॉस्फरस ही पोषकद्रव्यं घेतात, हे खरं. पण ते साठतात झाडाच्याच अंगात. झाड मेलं आणि कुजलं की काही आठवड्यांत त्यातलं बरंचसं पुन्हा पाण्यात उतरतं. झाड बाहेर काढलं, तरच ते तळ्याबाहेर गेलं. आता हिशेब बघा. ओल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. एक टन उपसली तर सुका भाग ५० किलो, त्यात नायट्रोजन ढोबळमानाने एक ते दीड किलो आणि फॉस्फरस बहुधा पाव किलोच्या आत. एका माणसामागे सांडपाण्यात रोज साधारण १० ग्रॅम नायट्रोजन येतो. म्हणजे एक टन उपसून शंभर-दीडशे माणसांचा फक्त एका दिवसाचा नायट्रोजन निघतो. नाला तळ्यात तसाच सुटत असेल, तर आधी तो अडवायला हवा.

"खर्च नको." उपसा हाच तर मोठा खर्च आहे. उबदार, पोषक पाण्यात जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्यामुळे बांबू किंवा बंद तोंडाच्या पाइपांचं तरंगतं कुंपण घालून ती एक तृतीयांश पृष्ठभागापुरतीच ठेवावी आणि वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला काढत राहावी. काढलेला ढीग काठावर टाकू नये. त्यातून गळणारं पाणी उताराने परत तळ्यात जातं. आणि जिथे ती मुळात नाही, तिथे मुद्दाम आणूच नये. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तरंगत्या वाफ्यावर कर्दळ, काठाला पाणकणीस (उथळ पाण्यात उगवणारं उंच गवतासारखं झाड) लावणं जास्त सुरक्षित. पाणकणीस पिवळं पडण्याआधी कापावं, कारण नंतर पोषकद्रव्यं खाली कंदात उतरतात. कापताना खुंट पाण्याच्या वर राहू द्यावेत. बुडाले तर कंदाला हवा मिळत नाही.

"पाणी नितळ." सावलीमुळे शेवाळ मरतं, म्हणून पाणी तसं दिसतं. पण पृष्ठभाग पूर्ण झाकला गेला की खालचा ऑक्सिजन संपतो, मासे मरतात आणि गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून वर येतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. पाणी आत येतं आणि बाहेर जातं, अशा दोन्ही ठिकाणचे नमुने घेऊन अमोनिया, नायट्रेट (ही दोन्ही नायट्रोजनचीच रूपं) आणि एकूण फॉस्फरस तपासा.

कारखान्याचं पाणी येत असेल, तर जलपर्णीत जड धातूही साठतात. तपासल्याशिवाय तिचं खत करू नका, गुरांनाही घालू नका.