सोन्याच्या लाल द्रावणाबाबत खुलासा

‘शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सोन्याचे कण म्हणून दाखवलेले लाल पाणी हा निव्वळ खाद्यरंग होता, कारण सोने पिवळेच असते’ असा संदेश रत्नागिरीतील गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. सुमारे २० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आकाराच्या सुवर्णकणांवर प्रकाश पडला की त्यांतील मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत आंदोलित होतात, ५२० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेला हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला आपल्याला लाल दिसतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच अशा लाल द्रावणाचा अभ्यास मांडला होता. प्रदर्शनातील बाटलीतल्या थोड्या द्रावणात मी मांडवीच्या समुद्राचे पाणी मिसळून पाहिले (खारे पाणी आपल्याला लांब शोधावे लागत नाही), तेव्हा मिठामुळे कण एकमेकांना चिकटून रंग निळसर झाला. शेजारच्या पेल्यातील खाद्यरंग मात्र तेच पाणी मिसळूनही लालच राहिला. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.