पाहुणा लेख आणि त्यातील दुवा
पाहुण्या लेखांतून, म्हणजे दुसऱ्याच्या संकेतस्थळावर लिहिलेल्या लेखांतून, आपल्या संकेतस्थळाकडे नेणारे दुवे (लिंक) मिळवणे हा गुगलच्या शोधात ते वर आणण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, हे या विषयावरील एका लेखाच्या लेखकाचे म्हणणे मला निम्मेच पटले. केवळ दुव्यांसाठी असे लेख लिहिण्याचे दिवस संपल्याचे गुगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्येच लिहिले होते. त्याचा उल्लेख त्या लेखात हवा होता. फोंडा तालुक्यातील एखाद्या कुळागराच्या मालकाने पोफळीवर मिरीचा वेल कसा चढवावा, हे शेतीविषयक संकेतस्थळावर स्वानुभवाने लिहिले आणि परिचयात आपल्या बागायतीचा दुवा दिला, तर त्यात वाचकाचा फायदाच आहे. मात्र तोच मजकूर शब्द फिरवून ठिकठिकाणी छापला आणि प्रत्येक वेळी ‘गोव्यातील स्वस्त हॉटेल’ अशा ठरावीक शब्दांना दुवा चिकटवला, की ती जाहिरातच होते, मग तिला लेख म्हणा नाहीतर आणखी काही. पैसे देऊन घेतलेल्या दुव्यावर ‘नोफॉलो’ किंवा २०१९ मध्ये आलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण (हा दुवा शिफारस म्हणून धरू नये, असे गुगलला सांगणारी) घालावी, असे गुगलचे नियम सांगतात. ती घालण्यास टाळाटाळ करणाऱ्या, दुवे मिळवून देणाऱ्या संस्थेला काम देऊ नये, असे पणजी-मडगावच्या लहान व्यावसायिकांना मी सुचवीन.