आधी फराळाचं ताट
नाताळात आपण ख्रिस्ती लोकांनी प्रत्येक शेजाऱ्याच्या हाती सुवार्तेचं, म्हणजे येशूच्या शुभवार्तेचं, पत्रक द्यावं, असं एका लेखात वाचलं; ते मला पटत नाही. आमच्या सोलापुरात 25 डिसेंबरला करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं शेजारीपाजारी जातात. चांदणी बघून मुलं घरात शिरतात, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीजवळची मेंढरं हाताळतात आणि विचारतात, "काकू, हे बाळ गोठ्यात का?" तेव्हा अगदी मनापासून सांगावं: उतारशाळेत जागा नव्हती, आणि पहिली बातमी कळली ती रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. विचारल्यावर सांगितलेलं मनात राहतं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगांतून, कीर्तनातून सांगितला, तो लोकांना आपला वाटावा म्हणूनच. त्यांची भजनं टाळ-तबल्यावर म्हणा, शेजाऱ्यांना बोलवा. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आपणही शेजाऱ्यांबरोबर जातोच की!