पाय खिळतात तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं, एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जिन्यातल्या मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडाल्या आणि मी हातात किल्ली धरून दाराशी नुसता उभा राहिलो, एवढाच प्रसंग. तुमचं म्हणणं असं की संकटात माणूस लढतो नाहीतर पळतो, हे शास्त्र आहे. उभा राहतो तो घाबरट, आणि मी त्या घाबरटपणाला मेंदूचा मुलामा देतोय. शिवाय 'अमिग्डाला (मेंदूतला एक छोटासा भाग) म्हणजे भीतीचं केंद्र' हे माझं वाक्य जुनाट आहे.

ते वाक्य चुकलंच. ज्यांच्या संशोधनामुळे अमिग्डाला सगळ्यांच्या तोंडी झाला, ते मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू स्वतःच पुढे सांगत राहिले की तो धोका हेरतो आणि शरीराला कामाला लावतो. 'मी घाबरलोय' ही जाणीव वेगळी. एका दुर्मीळ आजारात दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेली एक बाई साप बिनदिक्कत हाताळायची. पण ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा तिला हुंगायला दिली तेव्हा तिचीही घाबरगुंडी उडाली. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. केंद्रच नाही, तर भीती आली कुठून? लेखातलं वाक्य बदललं आहे.

संकटात फक्त 'लढा किंवा पळा' एवढंच घडतं, हे मात्र मला मान्य नाही. 'लढा किंवा पळा' हे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली मांडलं. भुंकणाऱ्या कुत्र्यासमोरच्या मांजराच्या अंगात काय उसळतं, असल्या निरीक्षणांवर ते उभं आहे, आणि ते खोटं नाही. पण त्याआधीही काही घडतं. मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागात पापण्या मिटतात, मान खांद्यांत जाते. धोका अजून नीट कळला नसेल, तर पुढची पायरी बहुधा थांबण्याची असते. श्वास अडतो, स्नायू ताठतात आणि हृदयाचे ठोके चक्क मंदावतात. धडधड नंतरची. हलणारी वस्तू शिकारी प्राण्याच्या नजरेत पटकन भरते, म्हणून हे थांबणं जिवाच्या कामाचं. गाडी गिअरमध्ये आणि पाय ब्रेकवर, असा तो प्रकार असतो, इंजिन बंद नसतं.

आपल्या भाषेला हे कधीच ठाऊक आहे. पाय जमिनीला खिळले, दातखिळी बसली, बोबडी वळली: यातला कोणी लढत नाही आणि पळतही नाही.

'मनाचा निर्धार असेल तर असं होत नाही,' असं तुम्ही लिहिलंय. चार्ल्स डार्विनलाही तसंच वाटलं होतं. प्राणिसंग्रहालयात जाड काचेला तोंड भिडवून तो एका विषारी सापासमोर उभा राहिला. साप झेपावला तरी मागे सरकायचं नाही, असं पक्कं ठरवून. सापाने काचेवर डोकं आपटलं आणि महाशय एक-दोन यार्ड मागे उडाले! १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्याने हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय. त्याला कोणी घाबरट म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग काहीच हातात नाही का? आहे, पण ते आधी करायचं असतं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर विमानतळाच्या धावपट्टीवर दोन विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. वाचलेल्यांत एक जोडपं होतं. बाई सुन्न होऊन जागेवर बसून होत्या. नवऱ्याने बाहेर पडायच्या वाटा उड्डाणाआधीच बघून ठेवल्या होत्या, त्याने हाक मारून बाहेर काढलं. तो शूर आणि त्या भित्र्या, असं मला तरी म्हणवत नाही. वैमानिकांकडून त्याच त्या आणीबाणीचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतात तो याचसाठी.

तुमच्या गाडी घसरल्याच्या प्रसंगात 'वेळ थांबली, मेंदू दहापट जलद झाला' असं तुम्ही म्हणता. पहिलं मानतो, दुसरं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळीत सोडलं. मनगटावर भराभर बदलणारे आकडे होते. मेंदू खरोखर जलद झाला असता तर ते वाचता आले असते. ते आले नाहीत. तरीही आपलं पडणं दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त वेळ चाललं, असं त्यांना वाटलं. त्या क्षणांची आठवण दाट साठते, म्हणून वेळ लांबल्यासारखी वाटते, असा प्रयोगकर्त्यांचा अर्थ. तुम्हाला रस्त्यावरची खडी अजून दिसते ना? तेच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: 'निदान ओरडता तरी आलं नाही का?' नाही आलं. शेजारच्या काकूंनी दार उघडून 'काय झालं?' विचारलं तेव्हा कुठे घसा मोकळा झाला. आणि समोर ठिणग्या उडत असताना मी म्हणालो काय, तर 'वास येतोय.' मेन स्विच त्यांनीच बंद केला. किल्ली मी इतकी घट्ट धरली होती की तिचे दाते तळहातावर संध्याकाळपर्यंत उमटलेले होते.